शंभर किलोमीटरच्या चौकटीतून दहा किलोमीटरचा पाऊस: प्रादेशिक मॉडेलचा तपशील कुठे खरा धरायचा?

प्रश्न असा आहे: एका जागतिक हवामान मॉडेलचं २१०० सालापर्यंतचं आउटपुट हाताशी आहे, त्याचं ग्रिड, म्हणजे हिशेबासाठी आखलेल्या चौकटींचं जाळं, साधारण १०० किलोमीटरचं. अभ्यास करायचा आहे तो एका डोंगराळ नदीखोऱ्यातल्या अतिवृष्टीचा. त्यासाठी १० किलोमीटरवर प्रादेशिक मॉडेल चालवलं, तर मिळणारा तपशील खरा मानायचा, की तो बारीक चौकटीत पुन्हा काढलेला जुनाच नकाशा? आणि सुरुवात कुठून करायची?

तपशील खरा असू शकतो, पण सगळीकडे सारखा नाही. जिथे जमीन स्वतः काही घडवते (डोंगर, किनारा, मोठं सरोवर, बर्फाची रेषा) तिथे प्रादेशिक मॉडेल खरोखर नवीन माहिती देतं. सपाट मैदानावर किंवा भर समुद्रात ते फारसं काही देत नाही. आणि तुमच्या खोऱ्यात पाऊस आणणारे मोठे वारेच जागतिक मॉडेलमध्ये चुकीच्या जागी असतील, तर बारीक ग्रिड ते जागेवर आणून ठेवत नाही. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? म्हणून मॉडेल कंपाइल करायला बसण्याआधी, सीमेवरून आत काय येणार आहे ते बघा. या कामातला निम्मा मनस्ताप तिथेच वाचतो.

आधी जागतिक मॉडेलला हा तपशील का जमत नाही ते पाहू. ग्रिड १०० वरून १० किलोमीटरवर आणलं, की चौकटींची संख्या शंभरपट होते, आणि गणित स्थिर राहावं म्हणून वेळेची पावलंही दहापट लहान घ्यावी लागतात. म्हणजे काम हजारपट. संपूर्ण पृथ्वीसाठी, शे-दीडशे वर्षांसाठी आणि अनेक वेळा हे करणं बहुतेकांच्या आवाक्याबाहेरचं आहे. म्हणून पृथ्वीचा एक तुकडा घ्यायचा, त्याच्या कडांवर जागतिक मॉडेलचे वारे, तापमान, आर्द्रता आणि दाब दर सहा तासांनी द्यायचे, समुद्राचं तापमान खालून द्यायचं, आणि आतलं हवामान मॉडेलला स्वतः घडवू द्यायचं. ही युक्ती १९८९ मध्ये रॉबर्ट डिकिन्सन, फिलिपो जॉर्जी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पश्चिम अमेरिकेसाठी प्रथम वापरून दाखवली. निमित्त होतं नेवाडातल्या युक्का माउंटनचं. तिथे अणुकचरा साठवायचा विचार चालू होता आणि त्या डोंगराळ भागाचं हवामान पुढे कसं राहील हे हवं होतं. जागतिक मॉडेलच्या काही शे किलोमीटरच्या चौकटीत तो डोंगर दिसतच नव्हता. त्यांनी सुमारे ६० किलोमीटरचं ग्रिड घेतलं. आज आपल्याला ते जाडंभरडं वाटेल, पण पद्धतीचा गाभा तोच राहिला आहे.

आता मुख्य शंका: हा तपशील खरा की मॉडेलची कल्पना? यावर मला सगळ्यात पटलेला प्रयोग २००२ मध्ये बर्ट्रांड डेनिस, रेने लाप्रीज आणि त्यांच्या कॅनडातल्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केला. त्याला 'बिग ब्रदर' प्रयोग म्हणतात. आधी मोठ्या क्षेत्रावर बारीक ग्रिडचा रन केला. हा झाला मोठा भाऊ, आणि त्याचं हवामान हेच खरं धरायचं. मग त्यातली सगळी बारीक रचना गाळून टाकली, इतकी की उरलेला डेटा जाड्या जागतिक मॉडेलसारखा दिसावा. हा गाळलेला डेटा त्याच मॉडेलच्या लहान क्षेत्राच्या कडांवर दिला, आणि पाहिलं की धाकटा भाऊ गाळून टाकलेला तपशील आपला आपण परत घडवतो का. बऱ्याच अंशी घडवतो. जमिनीवर, विशेषतः डोंगर आणि किनाऱ्यांच्या आसपास, तो चांगला घडवतो. समुद्रावर आणि वरच्या हवेत ते अवघड जातं, कारण तिथे वाऱ्याला आकार देणारं खाली काही नसतं. सुरुवातीला मी 'जमीन घडवते तिथे' म्हटलं, त्यामागे हा प्रयोग आहे. तुमचं खोरं डोंगराळ आहे ही तुमच्या जमेची बाजू.

डोंगर नेमकं काय करतो ते जवळून बघा. १०० किलोमीटरच्या चौकटीत एकच सरासरी उंची असते. मों ब्लां ४,८०० मीटरच्या वर आहे, पण अशा ग्रिडमधले आल्प्स त्याच्या निम्म्यापर्यंतही पोचत नाहीत. तो एक रुंद, गोलसर फुगवटा असतो. त्यावरून जाणारी हवा हळूहळू वर चढते, पाऊस दोन्ही अंगांना पसरतो, पलीकडची पर्जन्यछाया पुसट होते. ग्रिड बारीक झालं की चढ तीव्र होतो, हवा झपाट्याने वर जाते, वाऱ्याकडच्या उतारावर पाऊस एकवटतो आणि मागची बाजू कोरडी पडते. उंचीचा दुसरा परिणाम तापमानावर. दर किलोमीटरला साधारण साडेसहा अंशांचा फरक धरला, तर डोंगर दीड किलोमीटरने खुजा झाल्यावर शिखरं जवळजवळ दहा अंशांनी उबदार होतात. मग जिथे बर्फ पडायला हवा तिथे पाऊस पडतो, आणि नदीला वसंतात येणारं पाणी हिवाळ्यातच वाहून जातं. जलविज्ञानाच्या मॉडेलला असा डेटा दिला, तर पुराचा महिनाच चुकतो.

इथे एक फरक करणं फार गरजेचं आहे आणि तो बऱ्याचदा होत नाही. आजच्या हवामानाचा बारीक नकाशा मिळणं वेगळं, आणि हवामानातल्या बदलाचा बारीक नकाशा मिळणं वेगळं. पहिल्यासाठी प्रादेशिक मॉडेल लागेलच असं नाही. चांगली निरीक्षणं असतील तर सांख्यिकी पद्धतीने ते काम कमी खर्चात होतं. प्रादेशिक मॉडेलचं खरं मोल बदलाच्या नकाशात आहे, कारण बदल उंचीनुसार आणि उतारानुसार वेगळा असू शकतो. तापमान वाढलं की बर्फाची रेषा वर सरकते. जिथला बर्फ गेला तिथली उघडी जमीन जास्त ऊन शोषते, म्हणून नेमक्या त्या उंचीच्या पट्ट्यात तापमानवाढ जास्त होते. जागतिक मॉडेलमध्ये त्या उंचीचा डोंगरच नसेल, तर हा परिणाम येणार कुठून? पावसाचंही उदाहरण आहे. २०१६ मध्ये जॉर्जी आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की आल्प्सवरचा उन्हाळी पाऊस घटेल असं जागतिक मॉडेलं सांगत होती, पण प्रादेशिक मॉडेलांमध्ये उंच भागात तो वाढत होता. उंच उतार तापून तिथे अभिसरण, म्हणजे तापलेल्या हवेचं वर चढणं, जोर धरतं, हे त्यांनी दिलेलं कारण. म्हणजे उंच भागासाठी बदलाची दिशाच उलट निघाली. सांख्यिकी पद्धतीने फक्त जागतिक मॉडेलचा पाऊस बारीक केला असता, तर हे कधीच हाती लागलं नसतं.

आता तुमच्या आउटपुटकडे वळू. 'जागतिक मॉडेलचं आउटपुट आहे' याचा अर्थ काय, हे आधी तपासा. दिवसाचा पाऊस आणि तापमान एवढंच असेल, तर त्यावर प्रादेशिक मॉडेल चालत नाही. वाऱ्याचे दोन्ही घटक, तापमान आणि आर्द्रता, सगळ्या उभ्या थरांवर, दर सहा तासांनी लागतात. शिवाय जमिनीलगतचा दाब, समुद्राचं तापमान आणि मातीची सुरुवातीची अवस्था. डेटा मोजक्या दाबपातळ्यांवर न घेता मॉडेलच्या मूळ थरांवर मिळाला तर उत्तम. हा साठा प्रचंड असतो, म्हणून सगळी केंद्रं तो ठेवत नाहीत, ठेवला तरी सगळ्या रनचा ठेवत नाहीत. स्पष्टच सांगतो, कोणतं जागतिक मॉडेल घ्यायचं हे पुष्कळदा कुणी डेटा जपून ठेवला यावरच ठरतं. ते ठीक आहे, पण मग जे मिळालं त्याची परीक्षा अधिक कसून घ्यायला हवी.

ती परीक्षा अशी: गेल्या तीस-चाळीस वर्षांचे मोसमी सरासरी वारे ८५० आणि २०० हेक्टोपास्कलवर (साधारण दीड आणि बारा किलोमीटर उंचीवर) काढा, ईआरए५ पुनर्विश्लेषणाच्या (निरीक्षणं आणि मॉडेल जुळवून पुन्हा उभ्या केलेल्या गेल्या हवामानाच्या) शेजारी ठेवा. आर्द्रता कुठून आत येते, जेट (उंचावरच्या वेगवान वाऱ्याचा पट्टा) कुठल्या अक्षांशावर आहे, शेजारच्या समुद्राचं तापमान किती चुकतंय, एवढं बघा. जेट चार अंश उत्तरेला असेल, तर तुमच्या खोऱ्यावरून जाणारी वादळंच दुसऱ्या वाटेने जातात. असं मॉडेल मी बाजूला ठेवतो, त्याचं सरासरी तापमान कितीही अचूक असलं तरी.

एकाच जागतिक मॉडेलवर थांबू नका. सीमिप६ (जगभरच्या हवामान मॉडेलांची सामायिक तुलना) मधल्या मॉडेलांची हवामान-संवेदनशीलता, म्हणजे कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाल्यावर शेवटी होणारी तापमानवाढ, १.८ ते ५.६ अंशांपर्यंत पसरलेली आहे; आयपीसीसीच्या (हवामानबदलावरच्या आंतरसरकारी समितीच्या) २०२१ च्या अहवालाने संभाव्य पट्टा २.५ ते ४ अंशांचा धरला. एकच मॉडेल घेऊन त्यातून दहा किलोमीटरचा देखणा नकाशा काढला, तर वाचणाऱ्याला ती अनिश्चितता दिसतच नाही, आणि ही माझ्या मते या क्षेत्रातली सर्वात घातक चूक आहे. बारीक नकाशा पाहिला की माणसाचा विश्वास आपोआप बसतो. माझी पद्धत अशी: तीन किंवा चार जागतिक मॉडेलं घ्यायची, एक तुमच्या भागात ओलं भविष्य दाखवणारं, एक कोरडं, एक मधलं. दहा किलोमीटरवर एक रन आणि पंचवीसवर चार रन यांतून निवडायची वेळ आली, तर बहुतेक वेळा मी चार रन निवडेन.

त्याही आधी हे काम कुणी करून ठेवलंय का ते बघा. जागतिक हवामान संशोधन कार्यक्रमाने २००९ मध्ये कॉर्डेक्स हा प्रादेशिक मॉडेलांचा सामायिक प्रकल्प सुरू केला. जगाची १४ क्षेत्रं, ठरलेली ग्रिड, ठरलेले रन, आणि डेटा खुला. बहुतेक क्षेत्रांसाठी ०.४४ अंश म्हणजे ५० किलोमीटरच्या आसपास, अनेक ठिकाणी ०.२२, आणि युरोपासाठी ०.११ अंश, म्हणजे साडेबारा किलोमीटरच्या घरात. तुमचं खोरं त्यात बसत असेल, तर आधी महिनाभर तोच डेटा चाळा. कदाचित तुम्हाला स्वतःचा रन लागणारच नाही.

लागलाच, तर क्षेत्र आखण्यापासून सुरू करा. क्षेत्र फार लहान घेतलं, तर हवा एका कडेने आत येऊन तपशील तयार व्हायच्या आत दुसऱ्या कडेने निघून जाते. फार मोठं घेतलं, तर मॉडेल आतल्या आत स्वतःची वादळं रचू लागतं आणि कडांवरच्या हवामानाशी त्याचं जमत नाही. वारा ज्या बाजूने येतो तिकडे जास्त जागा सोडा. कड कधीही उंच डोंगररांगेवरून नेऊ नका. तिथे जागतिक मॉडेलचा बुटका डोंगर आणि तुमचा उंच डोंगर समोरासमोर येतात, हवेला धड आत येता येत नाही, धड बाहेर जाता येत नाही, आणि कडेला पावसाची खोटी भिंत उभी राहते. कडेच्या काही ओळींत दोन्ही मॉडेलांची हळूहळू सांधेजोड केली जाते. ही पद्धत डेव्हिस यांनी १९७६ मध्ये सुचवली आणि आजही तीच चालते. त्या पट्ट्यातले आकडे विश्लेषणात घेऊ नका. मी प्रत्येक कडेच्या किमान दहा चौकटी टाकून देतो.

क्षेत्र मोठं ठेवणं भाग असेल तर स्पेक्ट्रल नजिंग आहे. फॉन श्टॉर्श आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये ते प्रादेशिक मॉडेलात आणलं. त्यात फक्त लांब लाटा जागतिक मॉडेलकडे हलकेच ओढून धरल्या जातात, बारीक रचना मोकळी राहते. मी ते फक्त वाऱ्यांना आणि जमिनीलगतच्या थराच्या वर लावतो. आर्द्रतेला लावत नाही, कारण अतिवृष्टीचाच अभ्यास असताना आर्द्रतेचा गळा धरण्यात अर्थ नाही.

पृष्ठभागाच्या डेटाबद्दल एक स्वतःचा अनुभव सांगतो, कारण त्याने माझी चार महिन्यांची गणना वाया घालवली. एका क्षेत्रात मोठं सरोवर होतं. जागतिक मॉडेलच्या चौकटीत ते नव्हतंच, तिथे सगळी जमीन होती. आमच्या पूर्वप्रक्रियेच्या प्रोग्रामने सरोवराच्या चौकटींना पाणी म्हणून ओळखलं, तापमान सापडेना, म्हणून जवळच्या समुद्राचं तापमान तिथे भरलं. जवळचा समुद्र शेकडो किलोमीटरवर. भर हिवाळ्यात जे सरोवर गोठलेलं असायला हवं, ते आमच्या मॉडेलमध्ये नऊ-दहा अंशांवर वाफा सोडत होतं, आणि वाऱ्याच्या पलीकडच्या काठावर बर्फवृष्टीचा ठसठशीत पट्टा तयार झाला होता. नकाशा इतका पटण्याजोगा होता, की आम्ही त्यावर चर्चाही केली. एका सहकाऱ्याने सहज म्हणून सरोवराच्या मधल्या एका चौकटीचं तापमान दिवसागणिक काढलं. रेघ अगदी संथ, समुद्राची असते तशी. वीस वर्षांचा रन टाकून द्यावा लागला. तेव्हापासून कुठलाही रन सुरू होण्याआधी मी प्रत्येक जलाशयातली एक चौकट हाताने तपासतो. सरोवरासाठी वेगळं सरोवर-मॉडेल जोडता येत असेल तर जोडा.

कॅलेंडरकडेही लक्ष द्या. काही जागतिक मॉडेलांत वर्ष ३६० दिवसांचं असतं, त्यात ३० फेब्रुवारी येतो. काहींत लीप वर्षच नसतं. तारखा आपोआप जुळतील असं धरून चालू नका. मातीच्या खालच्या थरांची ओल स्थिरावायला वर्षं लागतात, म्हणून रनची पहिली एक-दोन वर्षं सोडून द्यावी लागतात. कोरड्या भागात आणखी.

एक गोष्ट हल्लीच नीट ध्यानात आली आहे. जागतिक मॉडेलात हवेतले सूक्ष्म कण दशकानुदशकं बदलतात, पण अनेक प्रादेशिक रनमध्ये ते कायम एकाच पातळीवर ठेवलेले होते. युरोपात प्रादेशिक मॉडेलं जागतिक मॉडेलांपेक्षा कमी तापतात असं दिसलं, त्यामागचं एक कारण हेच निघालं. अशा वेळी दोन मॉडेलांतला फरक म्हणजे 'वाढलेला तपशील' असं समजणं चुकीचं. तो गृहीतकांतला फरक असतो. तुमच्या रनमध्ये हरितगृह वायू आणि कण दोन्ही जागतिक मॉडेलशी जुळते ठेवा.

आता तुमच्या प्रश्नातली सर्वात अवघड जागा: १० किलोमीटर आणि अतिवृष्टी. मॉडेल आपल्या ग्रिडएवढी रचना नीट दाखवू शकत नाही. साधारण सहा-सात चौकटींएवढी रचनाच त्याला खऱ्या अर्थाने उमगते. म्हणजे १० किलोमीटरच्या ग्रिडमध्ये ६०-७० किलोमीटरची. वीस किलोमीटर रुंदीची दरी दोन चौकटींत मावते, पण मॉडेलला ती दरी म्हणून कळत नाही. वादळी ढगाचा गाभा तर काही किलोमीटरचाच असतो, म्हणून १० किलोमीटरवर तो सूत्रांनी अंदाजे बसवावा लागतो. या सूत्रांची खोड ठरलेली आहे: रिमझिम फार दिवस पडते, जोरदार सरी कमी पडतात, आणि जमिनीवरचा पाऊस दुपारीच उरकतो, जेव्हा खरं वादळ संध्याकाळकडे येतं. ग्रिड साधारण ४ किलोमीटरच्या खाली आणलं की ही सूत्रं बंद करता येतात, कारण मोठे ढग मॉडेल स्वतः उभे करू लागतं. २०१४ मध्ये एलिझाबेथ केंडन आणि सहकाऱ्यांनी दक्षिण ब्रिटनसाठी १.५ किलोमीटरवर रन केले, तेव्हा उन्हाळ्यातल्या ताशी मुसळधार पावसात वाढ दिसली. १२ किलोमीटरच्या मॉडेलमध्ये ती तशी दिसत नव्हती.

म्हणून आधी ठरवा, तुम्हाला कुठली अतिवृष्टी हवी आहे. मोठ्या नदीचा पूर येतो तो दोन-तीन दिवस डोंगरावर धरून बसलेल्या पावसाने, तर १० किलोमीटर पुष्कळ कामाचं आहे. तासाभराच्या ढगफुटीसारख्या पावसाने छोट्या ओढ्यांना येणारे लोंढे हवे असतील, तर १० किलोमीटरचे ताशी आकडे वापरू नका, असं मी ठाम सांगेन. त्यासाठी अडीच-तीन किलोमीटर हवेत. १० वरून २.५ वर जाणं म्हणजे चौसष्टपट काम, तेव्हा शतकभराचा रन विसरा. दहा-दहा वर्षांचे तुकडे घ्या. किंवा दुसरा मार्ग, ज्याचं मूळ शेर आणि सहकाऱ्यांच्या १९९६ च्या कामात आहे: घडून गेलेला खरा मोसम पुनर्विश्लेषणातून घ्यायचा, त्याच्या कडांवर जागतिक मॉडेलांनी सांगितलेली तापमान आणि आर्द्रतेची वाढ मिळवायची, आणि तोच मोसम उबदार जगात पुन्हा चालवायचा. वादळं तीच, हवा ओली. दर अंशाला हवेची वाफ धरण्याची क्षमता सुमारे ७ टक्क्यांनी वाढते. खोऱ्यातला पाऊस त्याच प्रमाणात वाढतो, कमी वाढतो की जास्त, हे इथे स्वच्छ दिसतं. वादळांच्या वाटा बदलतील का, हे मात्र या मार्गाने कळत नाही.

निरीक्षणांशी तुलना करताना जपून. डोंगरात पर्जन्यमापकं बहुधा दरीत असतात, उतारावर क्वचित, आणि वारा असला की बर्फ त्यांत पुरेसा पडत नाही. 'मॉडेल ३० टक्के ओलं आहे' असं दिसलं, की लगेच मॉडेलला दोष देऊ नका. नदीतून वाहिलेलं पाणी मोजलेलं असेल तर तेच सगळ्यात प्रामाणिक साक्षीदार. नोंदलेल्या पावसापेक्षा नदीत जास्त पाणी वाहिलं असेल, तर चूक कुठे आहे ते कळतं. बायस करेक्शन, म्हणजे मॉडेलची ठरलेली चूक निरीक्षणांवरून दुरुस्त करणं, सर्वांत शेवटी करा, आणि ते केल्यावर भविष्यातला बदल मूळ मॉडेलपेक्षा वेगळा झाला का ते तपासा. क्वांटाइल मॅपिंग (मॉडेलच्या आकड्यांचं वितरण निरीक्षणांच्या वितरणाशी जुळवणारी दुरुस्ती) चौकटीच्या सरासरीवरून थेट एका मापकावर लावलं, तर टोकाचे आकडे विनाकारण फुगतात.

क्रम असा ठेवा. पहिला रन जागतिक मॉडेलवर न करता ईआरए५ वर करा, म्हणजे कडा जवळपास खऱ्या असतील आणि जी चूक दिसेल ती तुमच्या प्रादेशिक मॉडेलची. त्यानंतर जागतिक मॉडेलचा भूतकाळ, आणि मगच भविष्य. भूत आणि भविष्य दोन्हींची किमान तीस वर्षं घ्या. अतिवृष्टीला तीसही तोकडीच पडतात. पण या सगळ्याआधी एकच महिना चालवा, ईआरए५ वर, भरपूर पावसाचा. आउटपुट दर तासाला काढा आणि पावसाचे नकाशे एकामागोमाग एक डोळ्यांनी बघा, कडेच्या दहा चौकटींसकट. कडेला समांतर पावसाची सरळ रेघ तासन्‌तास एकाच जागी उभी दिसली, तर रन थांबवा, क्षेत्राची ती कड शे-दोनशे किलोमीटर सरकवा आणि तोच महिना पुन्हा चालवा.